झेंड्याची गाठ

पाकळ्या ठेवून झेंड्याची घडी घालायची आणि एका हिसक्यात सुटेल अशी गाठ मारायची, हे काम शाळेत माझ्याकडे असतं. झेंडावंदनाच्या दिवशी देशभर असे दोर ओढले जातात; गाठ कुणी मारली, हे कुणी विचारत नाही.

ही गाठ मला वडिलांनी शिकवली. ते इथेच शिपाई होते. फाटक्या चपलांनी झेंडावंदनाला आले म्हणून संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांना सगळ्यांसमोर रांगेतून बाहेर काढलं होतं.

यंदा तेच अध्यक्ष पाहुणे होते. मी गाठ जरा जास्तच आवळली.

त्यांनी दोर ओढला, पुन्हा ओढला. मुलं माना वर करून बघत राहिली. शेवटी ते म्हणाले, "बाई, जरा बघता का?"

"बघते. तुम्ही तिकडे, रांगेच्या बाहेर उभे राहा."

मी दोर झटकला. पाकळ्या माझ्या डोक्यावर पडल्या.