यज्ञेश्वर भाऊजींना न सोसणारे शब्द

माझे धाकटे दीर यज्ञेश्वर भाऊजी जेवता जेवता पानावरून उठत. रागावून नव्हे, ऐकवत नसे म्हणून. पाणी भरायला येणारी रुपीबाई मागल्या दारातून "बाई, हंडा कुठी ठेवू?" असं विचारी, की यांचा घास हातातच राही. ते अंगणात जात, विहिरीला एक फेरी मारून परत येत, आणि कुंदा, म्हणजे माझी जाऊ, त्यांच्या हातावर एक लवंग ठेवी. "का"च्या जागी "काहून" ऐकलं की त्यांच्या मानेवर पुरळ उठे. मी अतिशयोक्ती करत नाही, ते पुरळ मी पाहिलेलं आहे.

गंमत अशी की ते स्वतः पांढरकवड्यातच जन्मले, वाढले. लहानपणी तेही "मले", "तुले" म्हणत, असं सासूबाई सांगत. पुढे अमरावतीला कॉलेजात एकदा त्यांना उभं करून वाचायला लावलं आणि सगळा वर्ग हसला. सुट्टीत घरी आले ते वेगळीच भाषा घेऊन, चिंचेनं घासलेल्या पितळेसारखी. तेव्हापासून गावाची भाषा त्यांना टोचू लागली. मराठीचे मास्तर झाले, आणि मग तर दिवसभर टोचू लागली.

मीही त्यातून सुटले नव्हते. माझं शिक्षण नागपूरच्या कॉन्व्हेंटात झालं. भाऊजी म्हणत, "वहिनी, तुम्ही मराठी काट्याचमच्यानं बोलता." त्यावर आमचे हे वर्तमानपत्राआडून म्हणत, "आणि तू सोवळ्यात बोलतोस."

छप्पन साली आपला भाग मुंबई राज्यात गेला आणि पुणे-साताऱ्याकडचे अधिकारी इकडे बदलून येऊ लागले. त्यांच्या बायका माझ्याकडे हळदीकुंकवाला येत. "अय्या, इथे मुलांना पोट्टे म्हणतात का हो?" असं विचारून एकमेकींकडे बघत. मला फार काही वाटत नसे. भाऊजी मात्र आतल्या खोलीत येरझाऱ्या घालत. जणू सगळ्या जिल्ह्याचे उच्चार यांनीच बिघडवले होते.

त्यांचं एकच सुख होतं, गावातलं नाट्यमंडळ. नाटक तेच लिहीत, तेच बसवत. साठच्या जानेवारीत कापसाच्या जिनिंगच्या आवारात मांडव घालून स्पर्धेचे प्रयोग झाले, परीक्षक पुण्याकडचे होते. भाऊजींच्या नाटकात शेवटी मुलगी सासरी निघते आणि आई म्हणते, "बाळ, डोळे पूस. मागे वळून पाहू नकोस." आईचं काम दवाखान्यातला गोविंदा कंपाउंडर करत होता, मिशा काढून. त्यानं अगदी जीव ओतून म्हटलं, "बाय, डोये पूस. मांगं वयून पाहू नको." परीक्षकांनी रुमाल तोंडावर धरले. त्यांचे खांदे हलताना सगळ्या मांडवानं पाहिले. त्या दिवसापासून भाऊजी एका जागी बसेनासे झाले.

दिवाळीनंतर कुंदाच्या मामांचा पुण्याहून निरोप आला. तिथल्या एका शाळेत मराठीच्या शिक्षकाची जागा होती. भाऊजींनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "तेच नाटक पुन्हा करतो. या वेळीही हसले, तर जून महिन्यात आपण पुण्याला."  कुंदाची आई आर्णीला एकटी होती, कमरेनं अधू झालेली. दर महिन्याला कुंदा बसनं जाऊन तिला न्हाऊ घालून येई. पुण्याहून आर्णीला कोण कितीदा येणार?

आता आईच्या कामाला बाई हवी होती. गावातली घरं मुलींना स्टेजवर पाठवायला तयार नव्हती. डॉक्टरांनी आपल्या सुनीतीला मुलीच्या कामासाठी दिलं, तेही खाली मान घालून उभं राहायचं होतं म्हणून. शेवटी बालवाडीची नंदाबाई तयार झाली. घाटंजी रस्त्यावरच्या बंजारा तांड्यातली, सातवी शिकलेली, नवरा रामलाल ट्रकवर. आवाज असा, की शेताच्या या बांधावरून हाक दिली तर त्या बांधावरचा बैल वळून पाही. एकदा ऐकलेलं ती विसरत नसे. अडचण एकच होती, आणि ती भाऊजींच्या मानेवर उठत होती.

तालमी आमच्या ओसरीवर होत. मी विणकाम घेऊन कडेला बसे.

"बाय, डोये पूस," नंदाबाई सुरू करी.

"बाळ! डोळे!"

"तेच त म्हनून राह्यली मी, गुरुजी."

भाऊजी अंगणात. विहिरीला फेरी. लवंग. पुन्हा पहिल्यापासून.

असे कितीतरी दिवस गेले. एके दिवशी भाऊजी अंगणातून धावतच आत आले आणि तिला विचारलं, तुमच्या तांड्यात काळ्याला काय म्हणतात? ती म्हणाली, काळो. त्यांनी तिला पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तोच स्वच्छ, खणखणीत ळ.

"मग मराठीत काया का म्हणता, बाई?"

"मराठी त तुमच्याच गावानं शिकवली आमाले, गुरुजी. बजारात सारे कायाच म्हनतात. आमच्या ळले कोनी इचारलंच नाई."

मला हसू आवरेना. भाऊजी हसले नाहीत, पण त्या दिवसापासून काम झपाट्यानं पुढे गेलं. नंदाबाईही काही ऐकून घेणारी नव्हती. एकदा म्हणाली, "गुरुजी, तुमी 'इकडे या' म्हनता त वाटते का तहसिलीतून नोटीसच आली." कुंदानं पदर तोंडाला लावला.

खटका उडाला तो रडण्यावरून. भाऊजींनी सांगितलं होतं, वाक्य संपलं की प्रेक्षकांकडे पाठ करायची, पदर तोंडात धरायचा, खांदे हलले पाहिजेत, मग दोरीवरचा पोरगा उकंडा पडदा ओढेल. नंदाबाईला ते पटेना.

"इतकंच? पोरगी चालली ना सासरी?"

"इतकंच. सुशिक्षित घर आहे ते."

"सुशिक्षित घरातून पोरगी कमी जाते का?"

 तिनं दोनतीनदा तसं करून दाखवलं, पण परक्याचं लुगडं नेसल्यासारखी अवघडून.

एकसष्टच्या जानेवारीत पुन्हा त्याच आवारात मांडव पडला. गॅसबत्त्यांचा भरवसा नसल्यामुळे प्रयोग दुपारी चारला ठेवला होता. परीक्षक तेच दोघे. बायकांच्या बाजूला मी आणि कुंदा बसलो होतो. आमच्या पुढेच, अगदी स्टेजच्या पायाशी, तांड्यातल्या बायका येऊन बसल्या. आपली नंदी नाटकात आहे म्हणून बैलगाड्या जोडून आल्या होत्या. आरशांच्या काचोळ्या, दंडापर्यंत बांगड्या. त्यांच्यात नंदाबाईची मावशी सोनीबाई होती, पांढऱ्या केसांची, ताठ.

पहिले दोन अंक नंदाबाईनं असे बोलून दाखवले, की जाड मफलरवाला परीक्षक मान डोलवू लागला. माझ्या जागेवरून विंगेचा कोपरा दिसे. भाऊजी तिथे एका खोक्यावर बसले होते. इतक्या महिन्यांत मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं. कुंदाचा हात माझ्या हातात होता. परीक्षकांनी हसू नये एवढंच तिचं मागणं होतं.

शेवटचा प्रवेश आला. "बाळ, डोळे पूस. मागे वळून पाहू नकोस." एकेक ळ मोत्यासारखा. परीक्षकांचे रुमाल खिशातच होते. आता फक्त पाठ फिरवायची होती.

नंदाबाईनं पाठ फिरवली नाही. तिनं सुनीतीच्या गळ्यात हात टाकले, आणि आधी बारीक, मग मोठ्यानं, लांबच लांब सुरात रडू लागली. ते नुसतं रडणं नव्हतं. त्यात शब्द होते, त्यांच्या बोलीतले. तांड्यात मुलगी सासरी निघताना असं रडत गातात, त्याला ढावलो म्हणतात. उकंडा दोरी धरून तोंड उघडं ठेवून उभा. भाऊजी खोक्यावरून उठले. आणि तेवढ्यात पुढच्या रांगेतून सोनीबाई उठली, घागरा सावरत स्टेजवर चढली, आणि तिनं नंदाबाईचाच गळा धरला. तिच्या मागोमाग बाकीच्या चढल्या. एकीच्या गळ्यात दुसरी, मध्ये सुनीती. ती बिचारी आधी घाबरली आणि मग खरंच हुंदके देऊन रडू लागली. मांडवात कोणीतरी खो खो हसलं. परीक्षकांचे रुमाल बाहेर निघाले. मला ते चारही खांदे हलताना दिसले. कुंदानं माझा हात सोडला.

पण हसणं फार वेळ टिकलं नाही. सोनीबाईचा आवाज नंदाबाईच्या आवाजाखाली शिरला आणि सगळं बदललं. माझ्या शेजारची मामलेदारीणबाई डोळे पुसू लागली. पडदा पडला तेव्हा टाळ्या वाजवाव्या की नाही हेच कोणाला कळेना.

मफलरवाले परीक्षक विंगेत आले. म्हणाले, मास्तर, उच्चारांना बोट लावायला जागा नाही. पण पात्रांच्या यादीत नसलेली माणसं रंगमंचावर आली, तेव्हा नियमानं नाटक बाद.

भाऊजींनी एकच विचारलं, "तुम्ही हसलात का?"

"आधी हसलो. खोटं कशाला सांगू? मग हसवेना."

याचा अर्थ काय लावायचा, ते त्यांनाही कळलं नसावं. ते तरातरा आवाराबाहेर निघाले, जिथे तांड्याच्या गाड्या सोडलेल्या होत्या. काही भलतं बोलतील या भीतीनं आम्ही दोघी मागोमाग गेलो. नंदाबाई गाडीच्या चाकाशी तोंड लपवून बसली होती. भाऊजींनी सोनीबाईला विचारलं, बाई, तुम्ही स्टेजवर कशाला चढलात?

मला वाटलं, ती म्हणेल पोरीला एकटं कसं रडू द्यायचं. पण म्हातारी भाऊजींपेक्षाही तापलेली होती.

"नंदी चुकीची रडली, मास्तर."

"चुकीची?"

"व्हय. दोन दम वरत रडाचं, तिसऱ्या दमाले सूर खाली पाडाचा. हे वरतच! जशी बजारात कांदे इकून राह्यली. इतके लोक बसले, तांड्याचं नाव जाते. माह्या पोटात आग पडून राह्यली. कसं ऐकू म्या? चढली न धरली तिले. तवा सुधरली."

चाकामागून नंदाबाई म्हणाली, "मावशे, तीन महिने गुरुजीनं जीभ घासली मायी. दम कुठी ध्यानात राह्यते!"

"लग्नाआंधी तुले महिनाभर शिकवला होता म्या. तवाई अशीच चुके."

भाऊजी तिच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येत नाही, पण राग नव्हता. परगावी आपल्या आडनावाचा माणूस भेटावा तसं काहीतरी होतं. मग त्यांनी विचारलं, "खाली पाडायचा म्हणजे किती खाली?"

सोनीबाईनं इकडेतिकडे पाहिलं. पुरुषाचा गळा कसा धरणार? तिनं जवळ उभ्या असलेल्या कुंदाच्या गळ्यात हात टाकले आणि दाखवायला सुरुवात केली. पहिला दम. दुसरा. तिसऱ्याला आवाज असा उतरला, की गाडीचे बैलसुद्धा चघळायचे थांबले. आणि कुंदा रडू लागली. शिकवल्याशिवाय, सोनीबाईच्या खांद्यात तोंड खुपसून. लग्नाला बारा वर्षं झाली होती, भाऊजींनी तिचा एकेक शब्द पारखून घेतलेला होता. ती म्हणाली, "मले नाई जायचं पुन्याले. माय एकटी हाये माही."

मी भाऊजींकडे पाहिलं.  ते जिनिंगच्या फाटकापर्यंत चालत गेले, तिथून परत आले, आणि माझ्याकडे पाहून, जसं काही निरोप माझ्याच हाती द्यायचा होता, म्हणाले, "मामांना मी कळवतो. नाही येत म्हणून."

कुंदानं तोंड वर केलं नाही. सोनीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. आपण काय ठरवून टाकलं याची तिला काही कल्पना नव्हती.

बैल जुंपले. नंदाबाई गाडीत चढली, तशी मावशीनं पुन्हा तिला त्यांच्या बोलीत फैलावर घेतलं. ती हसत मला म्हणाली, "बाई, गुरुजीहून कडक हाये हे." गाडी हलली. पण भाऊजी काही मागे फिरेनात. धोतराचा सोगा हातात धरून ते गाडीच्या बाजूनं चालू लागले. पहिला दम किती लांबवायचा, शब्द आधी की सूर आधी, चूक झाली तर कोण सांगतं, असं काहीबाही विचारत. सोनीबाई गाडीतून वाकून त्यांना "तू ऐक त आंधी" म्हणत दटावत होती. नाक्यापर्यंत त्यांचे हात हलताना दिसले. मग धूळ.

कुंदानं नाक पुसलं. "वहिनी, हे आता तांड्यापर्यंत जाणार," ती म्हणाली. "तुम्ही जेवून घ्या."