हँडब्रेकचा नट

माझ्या आईचं खुब्याचं हाड माझ्यामुळे मोडलं. बायकोमुळे नाही. हे मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात पहिल्यांदा बायकोला सांगितलं, आणि आता लिहितोय.

घरात, कल्याणला भावाकडे, आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक असलेली हकीकत वेगळी आहे. सून सासूला गाडीतून दवाखान्यात घेऊन गेली, उतारावर हँडब्रेक ओढायला विसरली, गाडी मागे आली आणि सासू पडली. ही हकीकत मी रचली नाही. पण खोडलीही नाही, आणि वर तिला लागणारा पुरावा स्वतःच्या हाताने तयार करून दिला.

मी फार बोलणारा माणूस नव्हे. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत मला ओळखतात ते रविवारी बॉनेट उघडून उभा असलेला माणूस म्हणून. माझ्याकडे हत्यारांची पेटी नव्हती आणि त्याचाच मला माज होता. पिवळे पडलेले हेडलाइट मी टूथपेस्टने घासून लख्ख करायचो. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरली की कोमट पाण्यात खाण्याचा सोडा आणि जुना ब्रश. दाराच्या आतलं प्लॅस्टिक उचकटायला लाकडी उलथणं, कारण स्क्रू ड्रायव्हरने ओरखडे उठतात. काढलेले स्क्रू मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांमध्ये, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने ठेवायचे. बागेच्या पाइपाचा तुकडा कानाला लावून इंजिनातला आवाज नेमका कुठून येतो ते ऐकायचं. जॅकखाली आईचा जुना जाड पाट आणि चाकामागे वरवंटा. हे सगळं चालतं. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, खोटं सांगणार नाही.

पण यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू बायकोच्या स्वयंपाकघरातली होती आणि एकही मी विचारून नेलेली नव्हती.

"अरे, चिमटा कुठाय? पोळ्या काय बोटांनी शेकू?"

"खाली आहे. आणतो."

"आणि आणलास की ग्रीसचा वास येणार. गाडी गॅरेजला दे ना एकदा."

"गॅरेजवाले लुटतात."

हे माझं ठरलेलं उत्तर. प्रश्न पैशाचा नव्हताच. रविवारी खाली जमणारी माणसं मला "साहेब, जरा आमचीही बघा ना" म्हणायची, ते मला हवं असायचं. ऑफिसात मला असं कुणी म्हणत नव्हतं.

त्या रविवारी मी हँडब्रेक घट्ट करायला घेतला. दांडा फार वर येत होता. दांड्याखालचं प्लॅस्टिक उलथण्याने सुरेख निघालं. आत तारेच्या टोकाला एक छोटा नट असतो, तो आवळला की ब्रेक घट्ट होतो. त्या जागेत हात नीट जात नाही, नळीसारखा लांब पाना लागतो. तो माझ्याकडे नव्हता. मी सांडशी घातली. आवळायच्या आधी नट भलत्या बाजूला फिरवून बसलो, तार आणखी सैल झाली, आणि मग सांडशी घसरायला लागली. नटाचे कोपरे झिजताना दिसत होते. शेजारचे एक काका बघत उभे होते.

"काय साहेब, झालं?"

"झालं," मी म्हणालो आणि प्लॅस्टिक दाबून बसवलं.

त्या "झालं" म्हणणाऱ्या माणसाच्या मुस्काटात द्यावीशी मला आजही वाटते. ब्रेक जवळजवळ लागत नव्हता. पुढच्या रविवारी पाना आणून करू, तोवर गाडी गिअरमध्ये ठेवू, चाकामागे वरवंटा आहेच, असा माझा विचार. बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बघ, मी गॅरेजला दे म्हणत होते. तेवढं ऐकून घ्यायला नको म्हणून.

दोन दिवसांनी आईला ठाण्याच्या नौपाड्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. मी वागळे इस्टेटमध्ये कामावर होतो. बायको गाडी उत्तम चालवायची. आई तर जिन्यात भेटेल त्याला सांगायची, "मला रिक्षाची गरजच नाही, माझी सून नेते." बायकोने वरवंटा बाजूला केला आणि निघाली, कारण गाडी काढायची तर तो बाजूला करावाच लागतो. ठाण्यात शिरल्यावर एका पेट्रोल पंपावरून तिने मला फोन केला.

"अरे, हँडब्रेक फारच वर येतोय. धरतोय की नाही कळत नाहीये."

मीटिंग चालू होती. मी दाराबाहेर येऊन दबक्या आवाजात म्हणालो, "काही नाही, जोरात ओढ."

एवढंच. हेच वाक्य मी वर्षानुवर्षं गिळून बसलो होतो.

दवाखान्याच्या इमारतीला गेटमधून आत चढ आहे. आईला चालायला लागू नये म्हणून तिने गाडी थेट चढावर नेली. इंजिन चालू, न्यूट्रल, हँडब्रेक जोरात ओढलेला. उतरून पलीकडून गेली, आईचं दार उघडलं. आईचा एक पाय जमिनीवर टेकला आणि गाडी मागे सुटली. उघड्या दाराने आईला ढकललं. गाडी गेटच्या खांबाला जाऊन थांबली.

त्या फोननंतर मीटिंगमध्ये मी मोबाइल बंद ठेवला होता. हॉस्पिटलमध्ये मी पोचलो तेव्हा दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, कल्याणहून आधीच आला होता. बायकोच्या साडीला आईच्या हातातून निघालेलं रक्त लागलेलं. ती पुन्हा पुन्हा तेच सांगत होती.

"दादा, मी ओढला होता. खरंच ओढला होता. यांना फोनसुद्धा केला होता मी, ब्रेक वर येतोय म्हणून. विचारा यांना."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "फोन आला होता. पण ब्रेकचं काही... मला नाही आठवत."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यात राग नव्हता. ती गोंधळली होती.

आईचे कागद आणि कपडे आणायला मी दवाखान्याच्या गेटपाशी राहिलेली गाडी घेऊन घरी निघालो. शीळफाट्याला नेहमीसारखं सगळं अडकलेलं. हँडब्रेकचा उपयोग नाही, म्हणून पूर्ण वेळ पाय ब्रेकवर दाबून बसलो. पोटरीत गोळे आले. मागचे ट्रकवाले भोंगे वाजवत होते आणि मी काचेआड बसून त्यांना शिव्या देत होतो. द्यायच्या होत्या त्या दुसऱ्यालाच.

घरी पोचल्यावर आधी वर जाऊन सांडशी आणली. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून तिच्या जबड्यात धरला, म्हणजे नटावरून घसरत नाही. रविवारी जे जमलं नव्हतं ते पटकन जमलं. नट आवळला, ब्रेक ओढून पाहिला, प्लॅस्टिक बसवलं. मग आईचे कागद शोधायला गेलो.

दुसऱ्या दिवशी दादा सोसायटीत आला, गाडीत बसला, हँडब्रेक ओढून गाडी उतारावर सोडून पाहिली. गाडी जागची हलली नाही. "एकदम ओके आहे रे," तो म्हणाला. पुढे बायकोकडे वळून, आवाज न चढवता, अगदी समजुतीने: "अगं, गाडी आहे ती. पोळपाट-लाटणं नाही."

गाडीवर सांडशी चालवणारा मी तिथेच उभा होतो. माझ्या अंगठ्याला अजून काळं लागलेलं होतं.

त्यानंतर बायको ड्रायव्हरच्या सीटवर बसली नाही. आई वॉकरवर आली, रिक्षानेच जायची. भेटायला येणाऱ्यांना म्हणायची, "मन चांगलं आहे हो तिचं, लक्ष नसतं एवढंच." बायको चहाचा ट्रे घेऊन तिथेच असायची. तिने आईचं सगळं केलं, आंघोळीपासून. आई गेली तीसुद्धा तिचाच हात धरून, आणि सुनेने आपल्याला पाडलं असं मानून. मला तेव्हा सांगता आलं असतं. आई शुद्धीवर होती, ऐकू येत होतं. मी रोज संध्याकाळी तिच्या पलंगाशी बसून पेपर वाचायचो.

गेल्या महिन्यात दादाकडे आईचं वर्षश्राद्ध होतं. आमच्या मुलीने नुकतंच लायसन काढलंय. पंगत उठल्यावर दादा तिला म्हणाला, "काय गं, गाडी शिकलीस? आईकडून एकच शिक, काय करायचं नाही ते!" सगळे हसले. मुलगीही हसली आणि म्हणाली, "काका, आई बाजूला बसली ना की मलाच टेन्शन येतं."

मी पानाचं तबक आपटलं. "बास झालं आता!" केवढ्याने ओरडलो. मग चुलत वहिनी हळूच म्हणाली, "बघा, बायकोची बाजू कशी घेतात." आणि मी ती शाबासकी घेतली. तीही घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली बॅटरी घासत होतो. बायको खाली आली.

"उलथणं आणलंयस का तू? पोहे टाकलेत."

मी उलथणं तिच्या हातात दिलं आणि सांगितलं. सगळं, एका दमात, बॉनेटकडे बघत. नट, सांडशी, ट्यूबचा तुकडा, दादा यायच्या आधी ब्रेक नीट केला ते.

तिने उलथणं उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, "नट राहू दे. फोन. फोन तुला आठवत होता?"

"हो."

"तेव्हा? हॉस्पिटलमध्ये?"

"शब्द न् शब्द."

"मला वाटायला लागलं होतं की मी तो फोन केलाच नाही." तिचा आवाज फुटला. "माझ्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे असं वाटायचं मला. गॅस बंद केला का म्हणून मी तीन-तीनदा उठून बघते, माहितीये ना तुला? त्यावरून तू हसतोस. हसतोस तू!"

"चुकलं माझं."

"ते इथे बॅटरीला सांगू नकोस." वॉचमन बघत होता, तिने पर्वा केली नाही. "दादांना सांग. त्यांच्या घरी, सगळ्यांसमोर, जिथे काल हसले तिथे. लेकीला सांग. माझ्याजवळ कबूल करून मोकळा व्हायला बघतोस होय? मी काय करू तुझ्या कबुलीचं? मला तर माहीत होतंच मी ब्रेक ओढला होता!" थांबली. "माहीत होतं, आणि तरी नव्हतं. ते तू केलंस."

ती वर गेली. जिन्यातून तिच्या चपलांचा आवाज येत राहिला.

मला तोंडाने बोलता येत नाही म्हणून मी हे लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर तिच्यापुढे ठेवलं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं, एके ठिकाणी पेट्रोल पंपाचा उल्लेख नव्हता तो घालायला लावला. मग पानं टेबलावर टाकली.

"हीसुद्धा तुझी युक्तीच. नेमकं जे लागतं ते हातात घ्यायचं नाही, दुसरंच काहीतरी घेऊन भागवायचं."

"हे छापायला देऊ की नको?"

"छाप. पण याने भागलं असं समजू नकोस."

आम्ही एका घरात राहतो. ती कामापुरतं बोलते. मुलगी विचारते काय झालंय, आणि आम्ही दोघंही काही नाही म्हणतो. त्यातलं माझं "काही नाही" पुन्हा खोटंच आहे. तिचं "काही नाही" मी स्वतः सांगावं म्हणून मला वाट करून देण्यासाठी आहे, एवढं कळण्याइतका मी अजून शिल्लक आहे.

दोनदा दादाकडे जाऊन आलो. एकदा चहा पिऊन, एकदा त्याच्या गाडीचे वायपर बदलून. बोललो नाही.

आईचं राहिलं ते आता फिटणार नाही. बाकी आहे ते असं: दादाच्या हॉलमध्ये, माझ्या मुलीसमोर, बायको तिथे बसलेली असताना, मी मोठ्याने सांगायचं की तिने ब्रेक ओढला होता, तिने मला फोन केला होता, आणि मी खोटं बोललो. ते मी अजून केलेलं नाही.