कार्तिकात दिसलेला त्रिशंकू

भुतंखेतं, साक्षात्कार असल्या प्रकारांवर माझा काडीचाही विश्वास नाही. फौजेत सिग्नलमध्ये वीस वर्षं काढलीत, अंधार काय नवा नाही मला. त्यामुळे "भास झाला असेल" हे कृपया कुणी शिकवू नका!

आम्ही माणदेशातले मेंढपाळ. दिवाळी झाली की कळप पाटणवरून कोकणात उतरतो. वाटेत एखादी मेंढी व्याली तर एक माणूस तिच्यापाशी थांबतो आणि कोकरू उभं राहिलं की दोघांना घेऊन मागून येतो. गेल्या वर्षी आबा, म्हणजे माझे वडील, असेच मागे थांबले. वय पंच्याहत्तर, पण कुणाचं ऐकतील तर शपथ!

मी मोटारसायकलने तळावर पोचलो तेव्हा दिवस मावळलेला. आई रडकुंडीला आली होती. "आरं, दुपारपास्नं वाट बघतोय रं... दक्षिणंच्या कड्याकडं ऱ्हायल्यात त्ये."

बॅटरी घेऊन तसाच सुटलो. घाईत मोबाईल तळावरच राहिला. वर नुसतं कातळाचं पठार, अवकाळी ढग, त्यात धुकं. अर्ध्या तासात दिशाच हरवली. हाका मारून घसा बसला. खरं सांगतो, फौजी असून रडायला आलं.

आणि समोरचे ढग फाटले... तेवढ्याच जागेत. क्षितिजालगत चार तारे, पतंगासारखे. त्रिशंकू! लहानपणी उन्हाळ्यात आबांनीच दाखवलेला — "तळाचा लय तेज तारा बघ. पतंग उभा असला की त्या अंगाला सरळ दक्षिण." तो तळाचा तारा असा काही तळपत होता की अंगावर काटा आला. भीती अजिबात नाही, हात मात्र आपोआप जोडले गेले. त्याच्यावर नजर ठेवून सरळ चालत राहिलो.

कड्याच्या अलीकडे एका घळीत आबा सापडले. पाय मोडलेला, अंग गारठलेलं, घोंगडीत कोकरू, शेजारी मेंढी. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं.

पुढे मुलीच्या विज्ञानाच्या मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "कार्तिकात संध्याकाळी त्रिशंकू आपल्याकडे दिसूच शकत नाही. तेव्हा तो क्षितिजाच्या खाली असतो." मी चक्क भांडलो त्यांच्याशी! मग यंदा कार्तिकात रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन बघितलं. आभाळ स्वच्छ होतं आणि तिथे काहीच नव्हतं.

मग मी कशाच्या मागे चाललो? आबांना विचारलं तर त्या आता मोठ्या झालेल्या कोकराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणतात, "तू आलास न्हवं? मग बास की गड्या."