तीन पुडांची पेटी

शिवाजी पेठेत शिवलीलाक्कांचं घर विचारलं तर लोक उलट विचारतात, "कोण, बिल्लेवाल्या?" आणि मग बोळातलं तिसरं दार दाखवतात.

लग्नाच्या आदल्या दिवशी, हळद झाली की पाहुण्यांना खेळवायचं, हा शिवलीलाक्कांचा उद्योग. सुरुवात हळदीकुंकवाच्या हाउजीपासून झाली. पुढं एका डेकोरेटरनं धंदा गुंडाळला, तेव्हा त्याच्याकडून त्यांनी हिरवं कापड, पत्त्यांचे जोड आणि मोठ्या जुगारघरांत असतात तसे हजार बिल्ले घेतले. पैसे मात्र लावायचे नाहीत. खेळ संपताना ज्याच्यापुढं बिल्ल्यांची चळत उंच, त्याला स्टीलची कढई. कुणी नाक मुरडलंच तर त्या म्हणत, "जुगार न्हाय बाई, वाण समज."

त्या बिल्ल्यांची सगळी गंमत वजनात होती. हलका प्लास्टिकचा बिल्ला बाटलीचं टोपण पडावं तसा पडतो. हे बिल्ले थंड, टणक, टेबलावर 'टक्' करून बसणारे. ओंजळभर हातात दिले की लाजरी नवी सूनसुद्धा ताठ बसायची. पण एक बिल्ला चौदा ग्रॅमचा. हजारांचे झाले चौदा किलो, वर कापड आणि पत्ते.

या वजनानं दोन बॅगा खाल्ल्या. पहिलीची मूठ उपसून आली. दुसरीचं चाक ऐन स्टँडवर निखळलं आणि आक्कांनी ती बॅग पोरासारखी कडेवर घेऊन गाडी गाठली. मनगट सुजलं. पंधरा दिवस भाकरी नवऱ्यानं, सिद्धरामअण्णांनी थापली. अण्णांचं किराणा दुकान, तराजू हातात शोभायचा. भाकरी मात्र जिल्ह्याच्या नकाशासारखी यायची, आणि तालुके तव्यावरच राहायचे.

"आता पेठेतल्या पेठेत कर काय ते," अण्णा म्हणाले.

"आणि गडहिंग्लजच्या लग्नाची सुपारी घेतल्या ती?"

अण्णांनी त्यांचं मनगट दोन बोटांनी दाबून बघितलं. आक्का कळवळल्या. अण्णा म्हणाले, "तेवढं जा. पण कुणाला हाक न मारता, हात न दुखवता एकटी जाऊन आलीस तर माझी काय ना न्हाय. न्हायतर पेठेबाहेर जायाचं बंद."

"बघाच तुमी. जातो की मी एकटी!"

बोलून तर बसल्या. पण आक्कांना हे गाव सोडून जाणं जिवापाड आवडायचं. तीस वर्षं दुकानातल्या साखरेच्या पोत्याशेजारी बसून जग बघितलं होतं. आता खिडकीजवळची जागा मिळाली की उतरेपर्यंत त्या कुणाची बायको नसत, कुणाची आई नसत. लग्नघरी पोचल्यावर मांडवातून कुणीतरी ओरडायचं, "आल्या, आल्या!" ते ऐकायला त्या चौदा किलो ओढत होत्या. म्हणून या वेळी बॅग चुकायला नको होती.

बॅगांच्या दुकानात त्या पिशवीतून गुळाचे दोन रवे, म्हणजे ढेपा, घेऊन गेल्या, एक दहा किलोचा, एक पाचाचा. घरच्याच दुकानातले. मालक दाखवेल ती बॅग उघडायची, जुन्या धडप्यात गुंडाळलेले रवे आत ठेवायचे आणि रस्त्यावरच्या स्पीडब्रेकरवरून तीनदा ओढायची.

"मावशी, हे काय चालवलंय?"

"परीक्षा."

"ह्या बॅगेला पाच वर्षांची गॅरंटी हाय."

"चाकाला?"

"कापडाला."

तिसऱ्या फेरीला चाक तिरकं झालं. मालकानं कपाळाला हात लावला. "मावशी, ही बॅग गोव्याला जायाची हाय, गुऱ्हाळाला न्हाय!" बघ्यांत एकच हशा पिकला. आक्काही हसल्या, रवे पिशवीत घातले आणि घरी आल्या.

मग त्या केरबाकडं गेल्या. केरबा तालमीमागच्या गाळ्यात मिरवणुकीच्या साउंडवाल्यांसाठी पेट्या बनवतो. जाड प्लायवुड, कडांना पत्रा, कोपऱ्यांना लोखंडी गोळे. एवढी वर्षं त्या भिंतींसारख्या स्पीकरांपुढं उभा राहून त्याला कमी ऐकू येतं, त्यामुळं तो सगळ्यांशी ओरडूनच बोलतो.

"काय ठेवायचं हाय? बिल्ले? मला वाटलं सोनं!" असं म्हणत त्यानं एक तयार पेटी पुढं ओढली आणि वर चढून उड्या मारल्या. पेटी हूं की चूं करेना.

आक्कांनी ती एका बाजूनं उचलायला बघितली. "केरबा, ही रिकामीच दहा किलोची हाय रे."

"मजबूत पायजे म्हणालासा की!"

"पेटी मजबूत पायजे म्हटलं. मी पैलवान हाय म्हटलं न्हाय."

केरबा खो खो हसला, मग बाकड्यावर बसून खराखुरा विचार करू लागला. प्लाय पातळ, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. चाकं उद्यमनगरातल्या कारखान्यातली, बेअरिंगची. आक्कांना चार बाजूंना चार फिरती चाकं हवी होती, तशी एका लग्नात पाहिली होती.

"अजिबात न्हाय! ती हॉलच्या फरशीवर नाचत्यात. एसटीनं ब्रेक मारला की पेटी ड्रायव्हरच्या मांडीवर. दोनच घ्या, मोठी, रबराची. खड्डा आला तर वरनं जातील."

सगळं ठरलं. घरी येताना मात्र आक्कांच्या पायात काहीतरी अडखळत राहिलं. चाकं रस्त्यावर चालतील. एसटीच्या पायऱ्यांवर चाक काय करणार? तिथं पेटी उचलावीच लागणार. आणि मनगट तिथंच जायचं.

उत्तर मोरीत सापडलं. अण्णांचा दुकानात न्यायचा डबा त्या घासत होत्या. तीन पुडाचा, पितळी कडीचा. भाजीचं पूड, आमटीचं पूड, भाताचं पूड. कडी लावली की एक डबा, कडी काढली की तीन. त्यांनी हात तसाच धुतला, डबा पुसला आणि पुन्हा केरबाचा गाळा गाठला.

केरबानं डब्याची कडी तीनदा उघडली, तीनदा लावली. डबा नाकाशी नेला. "आक्का, घासलासा, तरी ठेच्याचा वास हायच." मग हळू आवाजात, म्हणजे त्याच्या मानानं हळू, म्हणाला, "एवढ्या पेट्या केल्या, मला कसं सुचलं न्हाय?"

आठवड्यानं पेटी आली. एकावर एक बसणारी तीन पुडं, बाजूला पकडीच्या कड्या, प्रत्येकाला वेगळी मूठ, तळच्या पुडाला चाकं आणि आक्कांच्या कमरेच्या मापाचा दांडा. वरच्या पुडात पांढरे बिल्ले, मधल्यात लाल, खाली निळे. आक्कांनी बोळात दोन फेऱ्या मारल्या. चाकांचा आवाज नाही. अण्णा दारातून बघत होते. त्यांना आवडली होती. पण पैज लावलेला माणूस तसं कसं म्हणणार?

ते एवढंच म्हणाले, "चाकं हायत म्हणजे गाडीच ही. जोतिबाला न्यायला पायजे."

आमच्याकडं नवी गाडी आधी डोंगरावर जाते, मग कामाला. रविवारी दोघं पेटी घेऊन जोतिबाला गेले. वाटेतल्या पायऱ्या आक्कांनी एकेक पूड उचलत केल्या. अण्णा हात मागं बांधून शेजारी चालत होते. देवळापुढं आक्का नारळ घ्यायला वळल्या. तेवढ्यात अण्णांना भक्तीचं भरतं आलं. "देवाला आतलं बी दिसू दे की," म्हणून त्यांनी वरचं पूड उघडलं. नेमक्या त्याच वेळी सासनकाठीवाल्यांचा घोळका आला. "चांगभलं!" म्हणून ओंजळीच्या ओंजळी गुलाल उधळला गेला.

आक्का वळल्या तेव्हा नवरा गुलाबी, पेटी गुलाबी आणि तीनशेतीस पांढरे बिल्लेही गुलाबी. पांढऱ्याची किंमत एक, लालची पाच. आता हे मधलेच कोण? उतरताना चाकंही कर्रकर्र करू लागली. वंगण आणि गुलाल मिळून आत लगदा झाला होता.

"अहो," आक्का एवढंच म्हणाल्या. अण्णा एसटीत घरापर्यंत रुमालानं एकच बिल्ला पुसत बसले.

गडहिंग्लजची हळद गुरुवारी. केरबानं चाकं काढून रॉकेलमध्ये बुडवली. "आण्णा, गुलाल टायरला लावत्यात, बेअरिंगला न्हाय!" हे अख्ख्या तालमीला ऐकू गेलं. आणि सोमवार ते बुधवार दुकानातल्या गल्ल्यामागं बसून अण्णांनी जुन्या ब्रशनं एकेक बिल्ला घासला. गिऱ्हाईक विचारायचं, "काय चाललंय?" ते म्हणायचे, "प्रायश्चित्त." तरी कडेच्या खाचांत फिकट गुलाबी रंग राहिलाच. पण लालशी घोटाळा होण्याइतका नाही.

गुरुवारी स्टँडवर अण्णा आले, हात मागं बांधूनच. गाडी लागली. आक्कांनी कड्या काढल्या. एक पूड वर, दुसरं वर, तिसरं चाकासकट वर. आत जाऊन कड्या लावल्या, पेटी सीटखाली सरकवली. मनगट ठणकलं नाही.

कंडक्टरनं वाकून बघितलं. "मावशी, एवढं जेवण कुणाचं?"

"गडहिंग्लजच्या वऱ्हाडाचं!" आक्का म्हणाल्या आणि खिडकीपाशी बसल्या.

गडहिंग्लजच्या मांडवात खेळ रंगला. नवऱ्या मुलीची आजी बयाबाई, ऐंशीच्या पुढची, बिल्ला डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "हे गं काय गुलाबी?" आक्कांनी खरं ते सांगितलं. म्हातारीनं बिल्ला कपाळाला लावला आणि कनवटीला खोचला. तिचं बघून बाकीच्यांनीही. परत येताना पेटीत पंधरा पांढरे कमी होते. देवाचा गुलाल कुणाकडून परत कसा मागायचा?

शुक्रवारी सांजच्याला आक्का घरी पोचल्या आणि पदर खोचून परातीपुढं बसल्या. थप, थप, थप. भाकरी गोल फिरत मोठी होत गेली. अण्णा चुलीपलीकडं बसून आवाज ऐकत होते. भाकरीकडं कमी, मनगटाकडं जास्त बघत होते.

"दुखंना?"

"न्हाय."

चुलीत लाकूड सारत अण्णा म्हणाले, "पुढची सुपारी कुठली?"

"आजऱ्याची."

"मी बी येतो म्हणतो. खिडकीत तूच बस."

"या की," आक्का म्हणाल्या. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "पण पेटीला हात लावायचा न्हाय."

"आणि उघडायची?"

"ती तर मुळीच न्हाय!"