मुका फोन आणि माझा सुंदर बाउन्स रेट

भोयरकाकांनी आपला फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वाजव."

"काय काका?"

"माहा फोन वाजव. तीन दिवसांपासून मुका बसला हा. भर मे महिन्यात, पोरी! माहे दोन मेकॅनिक दुकानात पत्ते खेळून राहिले."

काकांचा कूलर दुरुस्तीचा धंदा. नागपुरात उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांवर त्यांचं वर्ष चालतं. त्यांची वेबसाइट आमच्या ऑफिसकडे, आणि ऑफिसात ती माझ्याकडे. माझा पहिला स्वतःचा क्लायंट. मी सिंधुदुर्गातली, शाळा नववीत सुटलेली. इथे आले ती फोन उचलायला. बाकीचे जेवायला गेले की प्रणाली मॅडम मला शेजारी बसवून वेबसाइटचं काम शिकवायच्या. त्यांचे उपकार कसे फेडू, या काळजीतच मी असायचे. हा क्लायंट गेला असता तर मी परत फोनवर. आणि आईला तर मी क्लायंट मिळाल्याचं आधीच सांगून बसले होते.

गंमत म्हणजे, त्याच सकाळी माझ्या नावाने ऑफिसात तर्री-पोहे आले होते.

कारण बाउन्स रेट. एखादा माणूस दुकानाच्या दारातून डोकावतो आणि तसाच निघून जातो ना? तसे वेबसाइटवर येऊन, काही न दाबता, दुसरं पान न उघडता, काही सेकंदांत परत जाणारे लोक. शंभरात असे किती, तो बाउन्स रेट. काकांचा होता नव्वद. म्हणजे नव्वद लोक माझ्या दारातून परत! मला जेवण जाईना.

मग मी डोकं चालवलं. पहिल्याच पानावर काकांच्या दुकानाच्या पाटीचा फोटो होता, त्यावर हा एवढा मोठा नंबर. दिसायला जुनाट. काढून टाकला. नंबर नेला थेट शेवटच्या पानावर. वाटेत 'आमची वाटचाल' आणि 'आमचं ध्येय'. तीन दिवसांत बाउन्स रेट तीस! मॅडम खुर्चीतून उठून ओरडल्या, "पोहे बोलवा रे!" मी दोन प्लेट खाल्ल्या.

आता काकांसमोर मी त्या रिकाम्या प्लेटा हळूच टेबलाखाली सरकवल्या.

मॅडम केबिनमधून आल्या. "भोयरजी, रिपोर्ट तर एकदम मस्त आहे."

"रिपोर्टाच्या घरी कूलर आहे का, मॅडम? मी काल स्वतः पाह्यलं. मले माहाच नंबर नाही भेटला. माहं ध्येय काय आहे, ते मात्र समजलं."

सगळे हसले. मी नाही. मला एकदम उमगलं. भर दुपारी ज्यांचा कूलर बंद पडलाय, ती माणसं वाचायला येतच नव्हती. पाटीवरचा नंबर बघायची, फोन लावायची, साइट बंद करायची. ते नव्वद म्हणजे काकांचं गिऱ्हाईक होतं. आणि आता तीस वजा जाता उरलेले माझे लाडके सत्तर? नंबर शोधत या पानावरून त्या पानावर घामाघूम फिरणारे लोक!

"चूक माझी आहे, काका," मी म्हटलं.

"काहून केलं वं असं?"

"आकडा चांगला दिसावा म्हणून."

"रडून काय राहिली वं?" मॅडम म्हणाल्या. "लाव नंबर वर."

पाटी परत लावली. खाली एक बटण दिलं. दाबलं की थेट फोन लागतो, आणि ते दाबणं मोजलंही जातं. मग आम्ही सगळे त्या फोनकडे बघत बसलो. चहा आला, संपला. काका उठले. चपलेत पाय घातला.

वाजला!

"हो भाऊ... पाणी नाही ओढून राहिला? येते माणूस."

ठेवतात तोच दुसरा. मग तिसरा. मॅडम प्रत्येक रिंगला टाळ्या पिटत होत्या. काकांनी फोन माझ्या हातात कोंबला, "तू घे वं, तुले सवय आहे," आणि ऑफिसच्या फोनवरून मेकॅनिकवर ओरडले, "डाव ठेवा खाली अन् निघा!" मी पत्ते लिहून घेत होते: मानेवाडा, खामला, पुन्हा मानेवाडा. हसू आवरत नव्हतं, अक्षर सगळं वाकडं.

क्लायंट राहिला. बाउन्स रेट पुन्हा चढला, नव्वदपर्यंत नाही, पण चढला. त्यासाठी पोहे कोणी बोलावले नाहीत.

आता कुठल्याही क्लायंटचा रिपोर्ट उघडण्याआधी मी त्याला फोन करते. एंगेज लागला, की निवांत उघडते.