सर्जनबाईंची रंगीत तालीम

सर्जनबाई चिडल्या की बोलत नसत. जबडा घट्ट मिटायचा, कपाळावरची शीर उडायला लागायची आणि समोरच्याला वाटायचं, बाईंना उत्तर येत नाही. त्यांच्या पहिल्या मुलाखतीत हेच झालं. एम.बी.बी.एस.नंतर सर्जन व्हायचं तर मोठ्या रुग्णालयात रेसिडेंटची जागा मिळवावी लागे, आणि त्यासाठी समितीपुढे बसावं लागे. पित्ताशयापासून आतड्यांपर्यंत सगळं धडाधड सांगून झाल्यावर एकाने विचारलं, "लग्न झाल्यावर काय करणार?" बाईंनी जबडा मिटला आणि जागा गेली.

म्हणजे सर्जन त्या अजून नव्हत्याच. हे नाव आमच्या वाशीच्या सोसायटीने कौतुकाने ठेवलेलं. बाईंचं घर घणसोली गावात, नोकरी तुर्भ्याच्या एका दवाखान्यात. कारखान्यात हात चिरून घेतलेले कामगार रोज यायचे आणि बाई हौसेने टाके घालायच्या. आमची ही विळीवर बोट कापून तिथे गेली, ती टाके आणि मैत्रीण दोन्ही घेऊन परतली. गावातल्या घरात भावंडांच्या गोंधळात अभ्यास होईना, म्हणून बाई संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये पुस्तकं मांडून बसू लागल्या; माझी आई तेवढा वेळ मुलांना घेऊन आतल्या खोलीत बसायची.

नकार आल्यावर जो तो सल्ले द्यायला लागला. डोळ्यांचं घे, कातडीचं घे, बायकांचं तरी घे. "काकू, ही काय भाजी घ्यायची आहे का?" बाई हिला विचारायच्या आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालायच्या. सर्जरी सोडून दुसरं नाव त्यांच्या तोंडून कधी आलं नाही.

त्यांचे वडील मिठागरावर मुकादम होते. एकदा आमच्याकडे आले, चहा घेतला आणि आमच्या देखत लेकीला म्हणाले, "आजून येक डाव बसतेस तं बस. या टायमाला नाय झालं तर लगीन." बाईंनी मान डोलावली. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "काका, पोटातलं काय विचारतील त्याची तयारी झालीय. जे विचारायला नको, ते आता तुमी विचारा. माझं चिडणं बंद होईपर्यंत विचारा."

झालं, जेवणाच्या टेबलामागे आमची समिती बसली. मी, ही आणि शेजारचे निवृत्त मास्तर. पंचाईत अशी की मुलीला समोर बसवून प्रश्न विचारण्याचा आम्हा तिघांचा अनुभव एकाच कार्यक्रमाचा होता. मास्तरांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "आधी जरा चालून दाखव, बाळ." मी खाली मान घालून हसू लपवलं. बाई मात्र उठल्या, दारापर्यंत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "बरोबर चाललंय. त्यांनापण हेच बघायचंय."

मग मास्तरांना चेव आला. "ऑपरेशन लांबलं, तर घरी भाकऱ्या कोण थापणार?" बाईंचा जबडा मिटला, आणि मग एकदम गावची बोली उसळून आली, "तुमी मास्तर झालाव तवा तुमाला कोनी इचारलं, भाकरी कोन थापील म्हनून?"

"उत्तर बरोबर, आवाज चुकला," मास्तर शांतपणे म्हणाले. "पुन्हा."

सगळ्यात बोचरे प्रश्न हिचे असत. सासूबाईंना सून घरात हवी असेल तर? मूल तापाने फणफणलंय आणि टेबलावर पेशंट आहे, तर? नवरा नाही म्हणाला तर? इतके तयार प्रश्न हिच्याकडे कुठून आले, हे मला कळेना. बाई मात्र एकेका प्रश्नाशी पुन्हा पुन्हा झुंजत राहिल्या. हळूहळू जबडा सैल पडायला लागला.

मुलाखत झाली त्या रात्री बाई बसमधून उतरून थेट आमच्याकडे आल्या. समितीतल्या मुख्य सर्जनांनी विचारलं होतं, "लग्न करणार?"

"करणार, सर."

"मुलं?"

"होतील, सर."

"मग सर्जरी?"

"तीही करणार. तुम्ही तिन्ही गोष्टी केल्यात, सर. मला का जमू नये?"

मग मुख्य सर्जन म्हणाले, "आवाज चढला नाही तुमचा. टेबलाशी असाच ठेवा." संध्याकाळी रुग्णालयाच्या फळ्यावर बाईंचं नाव लागलंही होतं, सर्जरीच्याच खाली. मास्तरांनी सोसायटीभर पेढे वाटले, जणू मुलाखत त्यांनीच दिली होती.

हॉस्टेलवर जायला निघाल्या तेव्हा वडिलांनी ट्रंक स्वतः खांद्यावर घेतली होती. बस आली तशी लेकीला म्हणाले, "चला, सर्जनबाय." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खोटं कशाला सांगू, माझ्याही.

पुढे थोड्याच दिवसांनी जेवायला वाढता वाढता ही म्हणाली, "मी बी.एड.ला अर्ज करतेय. लग्नात राहून गेलं होतं."

मी तोंड उघडलं. घराचं काय, आईचं काय, मुलांचं काय. पण ते प्रश्न सगळे हिचेच होते, आणि उत्तरंही समोर बसून हिनेच ऐकली होती. मी घास गिळला आणि एवढंच विचारलं, "मुलाखत कधी आहे?"