तणसाचा सायलेन्सर

मुर्री गावाकडे कोणी तणस, म्हणजे धानाचा पेंढा, जाळलं, की त्या वासाने मला भाऊजींची लाल स्पोर्ट्स कार आठवते. गाडी जुनी, दोनच दारांची. पण भाऊजी तिची ओळख मंत्र्याची करून द्यावी तशी करून देत. सायलेन्सर त्यांनी मुद्दाम आतून रिकामा केला होता. त्या आवाजात बोलता येत नाही म्हणून ताई गाडीत बसतच नसे.

आमच्या गावचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, संपल्यावर भाऊजींनी त्याच धावपट्टीवर गाडी पळवायची परवानगी मागितली. बैल अजून तिथेच बांधलेले होते. म्हातारे पंच म्हणाले, "जावईबापू, आधी आवाज कमी करा. बैल बुजले तं गाडी राहील इथंच, तुम्हीच पळान."

भाऊजींनी सायलेन्सरमध्ये ओलं तणस ठासून भरलं. गाडी गुपचूप धावली. एकाही बैलाने मान वर केली नाही, माणसांनीही नाही.

"झाली का रेस?" चहा पिता पिता कोणीतरी विचारलं. भाऊजींचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात ताई येऊन पुढे बसली. "चला घरी. आज बोललेलं ऐकू येऊन राहिलं."

मी मागे होतो. रस्ताभर दोघं म्हशीबद्दल, गळक्या छपराबद्दल बोलत राहिली. मग तणस वाळून पेटलं, धूर झाला आणि गाडी पुन्हा गरजू लागली. ताईचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

मला तेव्हा फक्त धुराची गंमत वाटली. भाऊजींनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि ताईकडे वळून विचारलं, "हं, काय म्हणून राहिली होतीस?"